शेठचा काटा आणि अण्णाचं कार्ड

शेठनं डॉक्टरांना फसवलं. डॉक्टरांच्या आडून आम्हा गल्लीतल्या सगळ्यांना फसवलं. आणि त्या कामाला मोठा आवाज हवा होता, तो माझा वापरला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मला गोष्ट रंगवता येत नाही. मला भाव करता येतो, आणि भाव करताना पहिला आकडा आपण बोलायचा असतो.

सोलापुरात मी हमाल म्हणून आलो. रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती वाहिली. पाठीवर पोतं आलं की ते किती किलोचं आहे हे मला काट्याआधी कळायचं. पावतीवर पंच्याण्णव आणि पाठीवर शंभर, असं कित्येकदा व्हायचं. मधले पाच किलो कुणाच्या घरी जातात हे विचारलं, की मुकादम म्हणायचा, "तू पाठ वाकव, तोंड वाकडं करू नको." त्या पाच किलोंचा राग माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. पुढं मी भुसार मालाचं दुकान टाकलं, तूर, हरभरा, शेंगदाणे. आधी काटा घेतला, मग माल. वजनमाप खात्याचा शिक्का दर साली न चुकता मारून आणायचो. खंडेनवमीला काटा धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घातला की मी स्वतः त्याच्यावर उभा राहायचो आणि माझं वजन भिंतीवर खडूनं लिहायचो. बायको चिडायची. "पूजा केलेल्या वस्तूवर पाय देता?" मी म्हणायचो, "माझ्याशी खोटं बोलला तर गिऱ्हाइकाशी खरं कसं बोलेल?"

ही गोष्ट घडली त्या वर्षी भिंतीवर मी बहात्तर लिहिलं होतं. सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं.

माझ्या शेजारचं दुकान अण्णाचं. अण्णा अक्कलकोटकडचा. घरात कानडी, दुकानात मराठी, टांगेवाल्यांशी दख्खनी. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी हमाली सोडली तेव्हा मला बसायला जागा नव्हती, तर त्यानं आपल्या दुकानाचा अर्धा ओटा मला दिला आणि दोन वर्षं भाड्याचं नाव काढलं नाही. आम्ही एकाच गिऱ्हाइकासाठी भांडायचो आणि दुपारी एकाच डब्यात जेवायचो. मला तो तम्मा म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. जेवताना भाकरीवर शेंगाचटणी, त्यावर वरून मीठ. मीठ नाही असं म्हणायला मिळावं म्हणूनच तो जेवतो की काय असं वाटायचं. जेवण झालं की तंबाखू. अलीकडे माळ्यावर चढून खाली आला की तो पोत्यावर बसायचा आणि हात वर करून थांब म्हणायचा. मी विचारलं तर, "गॅस हाय रे. होगली बिडो." जाऊ दे, सोड. हे त्याचं आवडतं वाक्य होतं. कुणी दोन किलो माल कमी दिला तरी होगली बिडो.

आमच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे शेठ. गल्लीतलं सगळ्यात मोठं गोदाम त्यांचं. खेड्यातून गाड्या भरून येणारी तूर ते घ्यायचे. मी हमाल होतो तेव्हा त्यांची पोती वाहिली होती, आणि दुकानदार झालो तरी ते मला नावानं नाही, "ए" म्हणून हाक मारायचे. तर या शेठनी दिवाळीनंतर निरोप फिरवला: मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी तपासणी आहे, चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी यायचं, फुकट आहे. सात रस्त्याजवळ एका डॉक्टरांनी दवाखाना टाकला होता. हृदयाचे झटके येणारी माणसं आधीच हुडकून काढायची असं त्यांच्या डोक्यात होतं, आणि त्यासाठी ते पेठापेठांतून फिरत होते.

आम्हाला ते विचित्रच वाटलं. आमच्यात डॉक्टरकडे माणूस चार जणांनी उचलून नेला तरच जायचा. एका तेलवाल्यानं हॉलच्या दारातच डॉक्टरांना गाठलं.

"साहेब, दुखत काहीच न्हाय, तर दाखवायचं काय?"

डॉक्टर बारीक अंगाचे, चष्मेवाले. हसले. "दुखत नाही तेव्हाच तर धरायचंय. रक्ताचा दाब वाढला तर दुखत नाही. दुखलं असतं तर तुम्हीच आला असता माझ्याकडे."

"म्हंजे आम्ही बरं हाय म्हणून आजारी?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले. माणूस चांगला होता. हे मी आज लिहितो आहे. त्या दिवशी मला तसं वाटलं नाही.

चार टेबलं मांडली होती. प्रत्येकाला लाल कागदावर आकडा लिहून डकवला होता. पहिल्या टेबलावर एक नर्सबाई सगळ्यांना प्रश्न विचारून कार्ड लिहायच्या. विडी? तंबाखू? घरात कुणाला झटका? अण्णा माझ्या पुढं होता.

"वडील कशानं गेले?"

"बसल्या जागी गेले."

"वय काय होतं?"

अण्णानं जरा विचार केला. "माझ्याएवढेच असतील की."

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि मग कार्डावर लिहिलं. मी मागून म्हणालो, "अण्णा, आता तुला जरा जास्त बघतील, माल नमुन्याचा हाय." तो वळून म्हणाला, "नोडप्पा, बघच तू, तुझा नंबर येऊ दे, तुझ्यात निस्तं पित्तच निघंल."

दुसऱ्या टेबलावर लघवी तपासत होते. काचेच्या नळीत औषध घालून ज्योतीवर गरम करायचे. रंग निळा राहिला तर साखर नाही. तिथं तर जत्राच होती. निळं आलं की लोक ओरडायचे, "पास!" एकाचं विटकरी आलं, त्याला बाजूच्या बाकावर बसवलं.

तिसऱ्यावर स्वतः डॉक्टर. अण्णाच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पारा चढला आणि उतरला. डॉक्टरांनी पट्टा सोडला नाही. परत फुगवला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग म्हणाले, पाच मिनिटं शांत बसा. परत एकदा घेतला. मग लाल पेन्सिलीनं कार्डावर लिहिलं: एकशे नव्वद, खाली एकशे पंधरा. आणि हळू आवाजात म्हणाले, "गुरुवारी सकाळी दवाखान्यात या. एका दिवसाच्या मापावर मी काही ठरवत नाही, पण तुम्ही आलंच पाहिजे. तोपर्यंत वरून मीठ नाही, तंबाखू नाही. येणार ना?"

"येतो की," अण्णा म्हणाला. तो घाबरला होता. पण मला वाटतं, त्याला बरंही वाटलं होतं. माळ्यावरच्या त्या धापेला कुणीतरी पहिल्यांदा काहीतरी नाव दिलं होतं.

माझा एकशे पन्नास आला. मी म्हणालो, "साहेब, चाळीसला द्या. ओळखीची गिऱ्हाइकं आणतो." डॉक्टर म्हणाले, "कमी मी नाही करायचं, तुम्ही करायचं. विडी सोडा, वर्षात एकशे चाळीसला देतो." हा भाव मला आवडला होता.

चौथं टेबल वजनाचं. तिथं पोती तोलायचा असतो तसला काटा होता, खाली लोखंडी फळी आणि वर दांडी; चारचा लाल कागद दांडीच्या खांबावरच डकवला होता. अण्णा उतरला, मी चढलो. वजन करणारा तिथला माणूस दांडीवरचा ठोकळा सरकवून म्हणाला, "साडेअडुसष्ट."

मी म्हणालो, "परत बघ."

"साडेअडुसष्ट."

दिवाळीचा फराळ पोटात आणि वजन साडेतीन किलोंनी कमी! मी खाली उतरलो, दुकानात गेलो, शिक्क्याची वीस-वीस किलोंची दोन वजनं दोन्ही हातांत घेऊन परत आलो आणि फळीवर ठेवली. चाळीस किलो. काट्यानं अडतीस दाखवलं.

त्यानंतर मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. हॉलच्या बाहेर रस्त्यावर लोक थांबले, एवढं सांगतो. मी म्हणालो, आमची सगळी हयात काट्यावर गेली आणि तुम्ही आमच्याच पेठेत खोटा काटा घेऊन येता? चाळिसात दोन किलो खाता, मग त्या पाऱ्यात किती खात असाल? डॉक्टर उठून आले. म्हणाले, "अहो, ऐकून घ्या. हा काटा आमचा..."

"तुमचा न्हाय तर काय माझा हाय?"

लोक खदखदून हसले. डॉक्टरांनी पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा बंद केलं. आवाजात मला कुणी हरवलं नव्हतं तोवर. आणि तेवढ्यात शेठ पुढं आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "बरोबर बोलतोय हा. डॉक्टर, व्यापाऱ्यांची चेष्टा नको. सामान आवरा. शिबिर बंद." डॉक्टर शेठकडे बघत राहिले. काहीतरी बोलतील असं वाटलं. पण हॉल शेठचा, माणसं शेठची, आणि ओरडणारा मी. त्यांनी पाऱ्याचं यंत्र मिटलं आणि पेटी उचलली. लोकांनी कार्डं फाडून तिथंच टाकली. शेठच्या त्या हाताचं वजन मला घरी जाईपर्यंत खांद्यावर जाणवत होतं, आणि मला ते आवडत होतं, हे कबूल करतो.

अण्णानं कार्ड फाडलं नाही. खिशात ठेवलं. बुधवारी दुपारी जेवताना त्यानं भाकरीवर मीठ घेतलं नाही.

मी म्हणालो, "काय रे, तू खरंच जाणार काय?"

"लाल पेन्सिलीनं लिव्हलंय त्यांनी."

"अण्णा, ज्याला दोन किलोंचा फरक कळत न्हाय, त्याला तुझ्या आतलं कळणार? तुझं वजन ऐंशी सांगितलं ना? माझ्या काट्यावर ये, चौऱ्याऐंशी भरतोस. सगळं कार्डच खोटं."

मी त्याला खरोखरच काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी भरला. तो आकड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुझा काटा खोटं बोलणार न्हाय." मग बसला आणि मीठ मागितलं. मी दिलं.

गुरुवार गेला. शुक्रवारी डॉक्टर स्वतः चालत गल्लीत आले, हातात पेटी घेऊन. एवढं बोलणं खाऊन माणूस परत आला, यावरूनच मला कळायला हवं होतं. अण्णाच्या ओट्याशी उभे राहून म्हणाले, "तुम्ही आला नाहीत. पाच मिनिटं द्या, इथंच बघतो." अण्णानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या ओट्यावरून म्हणालो, "आधी काट्याचा खुलासा करा, मग दंडाला हात लावा."

डॉक्टर म्हणाले, "काट्याचं राहू द्या हो. ह्यांचं बघू द्या."

"काट्याचं कसं राहू द्या? काट्याचंच तर हाय सगळं."

तेव्हा ते खुलासा करू शकले असते. त्यांनी समोर शेठच्या गोदामाकडे एकदा पाहिलं, मग अण्णाकडे. "मीठ तरी कमी करा," म्हणाले, आणि गेले. त्याच आठवड्यात वहिनी, म्हणजे अण्णाची बायको, मला म्हणाली होती, "भावजी, तुमचं ऐकतात ते. एकदा दाखवून या म्हणा की." मी म्हणालो, "काय झालंय त्याला? घोड्यासारखा हाय."

संक्रांतीला ग्रामदैवताची गड्ड्याची जत्रा आली. अण्णा दर वर्षी पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर अनवाणी चालायचा. त्या वर्षीही निघाला. नवी पेठेच्या तोंडाशी त्यानं एका दुकानाच्या पायरीवर बसकण मारली आणि हात वर करून थांब म्हणून खूण केली, माळ्यावरून उतरल्यावर करायचा तशी. मी थांबलो. हात खाली आला तो मांडीवर नीट आलाच नाही. घामानं बाराबंदी अंगाला चिकटली होती. टांग्यातून नेलं. दुपारी तीनच्या सुमाराला इस्पितळात तो गेला. वडिलांसारखाच.

तिथल्या डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, "यांचा दाब पूर्वी कधी कुणी मोजला होता?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी टांग्याचे पैसे द्यायला बाहेर गेलो.

महिन्याभरानं मी शेठच्या गोदामात गेलो. एरवी मी त्या मागच्या बाजूला कधी जात नसे. तूर घ्यायचं काम तिकडं चालायचं आणि आमच्यासारख्यांना तिथं बोलावत नसत. त्या दिवशी पुढं कुणी दिसलं नाही म्हणून मागं गेलो. खेड्यातल्या दोघांची तूर तोलली जात होती. मी काट्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबलो. दांडीच्या खांबावर लाल कागद डकवलेला होता. त्यावर चारचा आकडा. अर्धा फाटला होता, पण नर्सबाईंचं अक्षर तेच.

तिथला म्हातारा हमाल माझ्या वेळचा. त्याला विचारलं, "हा काटा मंडळाच्या हॉलात आला होता काय रे?"

"व्हय की. आमीच हातगाड्यावरनं नेलता. डॉक्टरचा लहान काटा वाटंत मोडला म्हनून मालकांनी दिला. दुसरा बी हाय हितं, इक्रीचा, पर त्यो मोकळा नव्हता."

"आणि हा खरेदीचा?"

म्हातारा माझ्याकडे बघून हसला. "तुला ठावं न्हाय व्हय? तुझ्या पाठीला इचार की."

शंभराला पंच्याण्णव. मी हमाल असल्यापासून तेच माप होतं. मी बाहेर रस्त्यावर आलो. शेठला त्या दिवशी, मी वजनं घेऊन आलो तेव्हाच सगळं कळलं होतं. अजून दोन मिनिटं गेली असती तर डॉक्टरांचं वाक्य पुरं झालं असतं आणि काटा कुणाचा हे सगळ्या पेठेला कळलं असतं. म्हणून तो हात माझ्या खांद्यावर पडला होता.

मी सात रस्त्यावर गेलो. डॉक्टर मला बघून उठले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी खुर्ची दिली. मी विचारलं, "तुम्ही शुक्रवारी का बोलला नाहीत?"

"शेठचा काटा आहे म्हणालो असतो, तर तुम्ही शेठशी भांडायला गेला असता आणि शेठनी माझे पुढचे हॉल बंद पाडले असते. अजून आठ पेठा राहिल्या होत्या. मला वाटलं, मी पुन्हा येईन, तुमचा राग उतरेल, मग बघू." ते थांबले. "माझं चुकलं. तिथंच ओरडून सांगायला हवं होतं."

"अण्णा वाचला असता?"

"ते मी सांगू शकत नाही. कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण गोळ्या सुरू केल्या असत्या. तंबाखू सोडवली असती. जत्रेत अनवाणी चालू दिलं नसतं."

मी सदऱ्याची बाही वर केली आणि दंड पुढं केला. त्यांनी मोजलं. एकशे साठ. या वेळी मी भाव केला नाही.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, "शेठ, शिबिरातला काटा कुणाचा होता?" शेठ जागचे हललेही नाहीत. म्हणाले, "बंद कुणी पाडलं शिबिर? मी की तू? अण्णाला जाऊ नको कुणी सांगितलं? ए, बस खाली." आणि लोक माझ्याकडे बघू लागले. माझ्याकडेच. त्यातल्या निम्म्यांनी त्या दिवशी माझ्याबरोबर हसून कार्डं फाडली होती.

शेठ, तुमचं म्हणणं खरं आहे. शिबिर मी पाडलं. कार्ड खोटं असं मी सांगितलं. मीठ मी हातानं दिलं. ते मी वहिनीला तिच्या दारात जाऊन सांगितलं आहे. ती मला आत या म्हणाली नाही, आणि मी तिला दोष देत नाही. माझ्या वाट्याचं मी केलं. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी सात रस्त्यावर जातो आणि गल्लीतल्या चाळिशी ओलांडलेल्या एकेकाला दंडाला धरून नेतो, शिव्या देत नेतो, येत नसला तर त्याच्या दुकानापुढं बसतो. त्याचं कौतुक मला नको.

पण तुमच्या वाट्याचं तुम्ही दिलेलं नाही. मी अडाणीपणानं बोललो. तुम्ही जाणूनबुजून गप्प बसलात. मला पारा कळत नव्हता. तुम्हाला काटा कळत होता. एक वाक्य बोलायचं होतं: "डॉक्टरांचं सामान चांगलं आहे, काटा माझा आहे." एवढ्यानं लोक तुमच्यावर हसले असते, आणि गुरुवारी सकाळी अण्णा सात रस्त्यावर गेला असता. तुम्ही हसं करून घेतलं नाही. त्याची किंमत तिसऱ्याच माणसानं दिली.

सभेत तुम्ही मला बसवलंत. इथं, या कागदावर, बसवू शकत नाही. वहिनी अजून त्याच घरात राहते, दार दिवसभर उघडं असतं. जा, तिच्यासमोर उभे राहा आणि ते वाक्य आता बोला. मी बाहेर रस्त्यावर थांबतो. तुम्ही कधी येताय, तेवढं सांगा.